हॉलमधला नळ

त्या उन्हाळ्यात खडकवासल्यात पाणी नव्हतं, आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत नळाला दिवसाआड पाणी यायचं, आणि माझ्या नवऱ्याला हॉलमध्ये बिअरचा नळ बसवायचा होता. मी म्हटलं, आधी स्वयंपाकघरातल्या नळाचं काय ते बघ. तो हसला. माझं बोलणं हसण्यावारी न्यायचं, हे त्याने लग्नानंतर लवकरच शिकून घेतलं.

तो हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत. तेव्हा नुकताच अमेरिकेतून ऑनसाइट काम संपवून परत आला होता. आमच्याकडे तिकडून येणारे लोक चॉकलेटं आणतात, हा बार घेऊन आला. म्हणजे डोक्यात. तिथल्या एका सहकाऱ्याच्या घरी तळघरात बार होता. लाकडी काउंटर, मागे फ्रिज, त्यात बिअरचं पिंप, आणि काउंटरवर पितळी नळ. रविवारी त्या सहकाऱ्याचे म्हातारे वडील येऊन बसायचे, मुलगा त्यांना ग्लास भरून द्यायचा आणि दोघं मॅच बघायचे. फार बोलायचेसुद्धा नाहीत, म्हणे.

"मला बाबांबरोबर असं एकदा बसायचंय," तो म्हणाला.

यावर मला टोमणा सुचला नाही. सुचला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

बाबा म्हणजे माझे सासरे. कारखान्यातून निवृत्त झालेले, सासूबाई गेल्यापासून आणखीनच कमी बोलणारे. आठवडाभर पेपर, भाजी, दुपारची झोप. शनिवारी मात्र सहा वाजले की इस्त्रीचा शर्ट घालून ते निघायचे. "जरा फिरून येतो," एवढंच सांगायचे. जेवायच्या वेळेला परत. आल्यावर मी विचारायची, "फिरून आलात, बाबा?" ते म्हणायचे, "हो, आज जरा लांब गेलो." मग मी पानं घ्यायची. जेवताना त्या दिवशी ते दोन गोष्टी जास्त बोलायचे, कारखान्यातली एखादी जुनी गंमत सांगायचे, आणि वरणाला नावं ठेवायचे नाहीत.

ते कुठे जायचे हे अख्ख्या कर्वेनगरला ठाऊक होतं. कर्वे रस्त्याच्या मागच्या गल्लीत काळ्या काचेचं एक परमिट रूम होतं. तिथे बाबा आणि त्यांचे कारखान्यातले एक जुने स्नेही बसायचे. बिअरची एक बाटली, दोघांत अर्धी अर्धी. खारे दाणे. एवढीच चैन. येताना तोंडात बडीशेप टाकायचे, पण घरी शिरतानाही दाराजवळच्या फळीवर बडीशेपेची एक डबी असायची. ती सासूबाईंनी ठेवलेली. त्या गेल्यावर डबी मी भरू लागले. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं आणि बाबांनीही कधी विचारलं नाही. आमच्या घरात काही गोष्टी अशाच चालायच्या. सगळ्यांना माहीत, आणि कोणी पाहिलेलं नाही.

तर बार सुरू झाला. हॉलमधली शोकेस निघाली. त्यातल्या बाहुल्या, लाकडी गणपती, बाबांना निवृत्तीला मिळालेली ढाल, सगळं खोक्यात भरून माळ्यावर गेलं. सासूबाईंचा फोटो बारच्या बरोबर समोर येत होता. तो काढून बाबांच्या खोलीत लावला. सुतार आले, काळा ग्रॅनाइट आला, फ्रिजला वरून भोक पाडलं, गॅसचा एक छोटा सिलिंडर आला, नळी आली, आणि शेवटी तो पितळी नळ. ठोकाठोकीने शेजारच्या काकूंना अर्धशिशी झाली. विचारायला आल्या तर मी सांगितलं, आमच्याकडे पाणपोई होतेय.

बाबा रोज दुपारी उठून ते काम बघायचे. एक दिवस म्हणाले, "काय रे, सोड्याचं दुकान टाकतोयस का?"

नवरा नळीला क्लिप लावत होता. तो एकदम मोकळेपणाने म्हणाला, "बाबा, हे तुमच्यासाठीच आहे. आता दर शनिवारी त्या अंधाऱ्या परमिट रूममध्ये जाऊन बसायला नको. इथं घरात बसू आपण दोघं."

सुतार होते, त्यांचा माणूस होता, दारात काकू होत्या. मी पोळ्या लाटत होते, ते लाटणं जागच्या जागी थांबलं. इतकी वर्षं सासूबाईंनी आणि नंतर मी जे झाकून ठेवलं होतं ते याने एका वाक्यात उघडं केलं, आणि तेही प्रेमाने. रागावणार तरी कशी?

बाबांनी ग्रॅनाइटवरून हात फिरवला. "दगड चांगला आहे," म्हणाले आणि खोलीत गेले.

संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "तुला काही अक्कल?"

"अगं, त्यात लपवण्यासारखं काय आहे? ते काय चोरी करतात?"

"चोरी नाही करत. पण बापाने मुलासमोर घ्यायची नाही, ही त्यांची रीत आहे. तू ती मोडलीस."

"रीती बदलतात," तो म्हणाला. तिकडून आल्यावर काही महिने तो असं बोलायचा.

उद्घाटन श्रावणाच्या आधीच्या शनिवारी ठरलं. लोक दिव्यांच्या अवसेसाठी समया घासत होते, आमच्याकडे नळ घासला. मुंढव्याकडच्या एका ब्रुअरीतून ओळखीने पिंप आलं. ऑफिसातली मंडळी आली. बाबांना मानाने मधल्या उंच स्टुलावर बसवलं. त्यांचे पाय खाली पोचत नव्हते, ते अधांतरी लोंबत होते. पहिला ग्लास भरला, निम्मा फेसच. नवऱ्याने तो बाबांपुढे ठेवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कोणी कोणी मोबाइल काढले.

बाबा ग्लासकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पित्त वाढलंय माझं. मला थोडं ताक देतेस का गं?"

मी ताक दिलं. त्या झगझगीत बारवर माझे सासरे स्टीलच्या भांड्यातून ताक प्याले. तिकडे गल्लीत त्यांचे स्नेही खारे दाणे मागवून वाट बघत बसले असतील, हे त्या अख्ख्या गर्दीत फक्त आम्हा दोघांच्या मनात होतं.

पिंपाचं पुढे काय झालं ते सांगण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या माणसाच्या बारला श्रावण नसतो. आमच्या अभियंत्याने फ्रिजचं तापमान मोजलं, गॅसचा दाब मोजला, फक्त कालनिर्णय उघडून पाहिलं नाही. अर्धं पिंप शिल्लक, आणि ज्याला फोन करावा तो म्हणे, "श्रावण पाळतो रे मी." त्यानंतर गणपती, त्यानंतर पितृपक्ष. उघडलेली बिअर इतके दिवस टिकते होय? शेवटी आंबूस वास सुटला आणि तिने मोरीची वाट धरली. मी तेव्हा पोट धरून हसले. ते हसू आता आठवलं की नकोसं होतं, कारण बाबांचे शनिवार त्याच सुमाराला वाहून जात होते आणि माझं लक्ष पिंपाकडे होतं.

श्रावणात बाबा एरवीही जात नसत. गणपती झाले की पुन्हा सुरू करायचे. या वेळी नाही. शनिवारी सहा वाजता ते लेंगा घालून बातम्या बघत बसलेले. घरी घ्यायची तर मुलगा समोर, बाहेर जावं तर मुलाने हौसेने केलेल्या बारचा अपमान. त्यांनी दोन्ही सोडलं. एकदा त्यांच्या स्नेह्यांचा फोन आला, मीच उचलून त्यांना दिला. बाबा म्हणाले, "नाही नाही, तब्येत उत्तम आहे. आता घरीच सोय झालीय ना, मुलाने केलीय." आणि शेवटी, "बरं. बरं." फोन ठेवल्यावर ते कितीतरी वेळ त्याच्या शेजारीच बसून राहिले. पुन्हा तो फोन आला नाही. मुलाची लाज राखायला त्यांनी मित्राला तोडलं, आणि मित्राला वाटलं असणार, याला आता आपली गरज नाही.

जेवताना ते पुन्हा वरणाला नावं ठेवू लागले. मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग जाऊ देत की त्यांना. मी कुठं अडवलंय?" पण हे त्यांना सांगणार कोण? त्याने सांगितलं तर पुन्हा तेच, उघड्यावर.

दिवाळी झाल्यावर एका शनिवारी मी बाबांचा इस्त्रीचा शर्ट त्यांच्या पलंगावर ठेवला आणि म्हटलं, "बाबा, आज जरा लांब फिरून या." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शर्ट घातला, केसांना पाणी लावलं आणि निघाले. मी डबी नव्या बडीशेपेने भरली. मला फार बरं वाटलं होतं.

कुकरची शिट्टीही झाली नव्हती तोवर ते परत आले.

"फिरून आलात, बाबा?"

"अगं, तो गेला मुलीकडे. बडोद्याला. कायमचाच गेला म्हणे दिवाळीच्या आधी. वेटर सांगत होता." चपला काढता काढता ते म्हणाले, "आता तिथं आमच्यातलं कोणी येत नाही."

वेटर हा शब्द त्यांनी आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारला. झाकायला काही उरलंच नव्हतं. डबीकडे त्यांनी पाहिलं नाही. ते सरळ बारपाशी गेले, स्टुलावर कसेबसे चढले आणि मुलाला म्हणाले, "ओत रे तुझ्या नळाची."

नवरा धावलाच. दिवाळीच्या पार्टीला आणलेल्या नव्या पिंपातली थोडी उरलेली होती. फेस ग्रॅनाइटवर सांडला तरी त्याचं लक्ष नव्हतं, इतका आनंद झाला होता त्याला. स्वतःचाही ग्लास भरून तो त्यांच्या शेजारी बसला. बाबांनी औषध घ्यावं तशी ती संपवली. "थंड आहे छान," म्हणाले. अजून देऊ का विचारलं तर "नको, बास" म्हणून खाली उतरले आणि खोलीत गेले. त्या स्टुलावर ते पुन्हा कधीच बसले नाहीत.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. नळ काढून टाकला, फ्रिज मोडीत गेला, ग्रॅनाइटवर इस्त्रीचे कपडे असतात. घरी कोणी आलं की नवरा तो दगड दाखवून सांगतो, "बाबा शेवटी बसले माझ्याबरोबर. इथं. एक अख्खा ग्लास घेतला त्यांनी." सांगताना त्याचा चेहरा उजळतो, आणि मग तो माझ्याकडे बघतो. "हो ना गं?"

मी म्हणते, "हो, बसले होते." आणि उठून फळीवरची बडीशेपेची डबी सगळ्यांपुढे करते.