रेणापूरच्या तलावातलं बुडणारं हिरवं

लातूर उस्मानाबादेतून सुटून नवा जिल्हा झाला होता आणि पावसाने दगा दिला होता, तेव्हाची ही सहल. सहल कसली, बायकोच्या बाटल्यांची हमाली! सुजाता नांदेडला एमेस्सी करत होती. थंडी सरताना तलावात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती फोफावतात, पाणी हिरवं करतात आणि पोषण संपलं की तळाला बसतात. हे बसणं तिच्या प्रबंधाचा विषय. रेणापूरजवळचा तलाव हिरवा झाल्याचं कळलं आणि तिने पिशवी भरली. हिरवं बुडायच्या आत पोचलो नाही तर तिचं वर्ष वाया जाणार होतं.

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर. एसटीत हाडं खिळखिळी होतात, पण अहमदपूरच्या स्टँडवरची भजी चुकवू नका. लातूरहून रेणापूर जवळच आहे.

तलाव आटून काठ भेगाळले होते. हिरवं विरळ व्हायला लागलेलं. सुजाताने घाईघाईने वरचं पाणी बाटल्यांत भरलं, तळातलं सकाळी काढायचं ठरलं.

मुक्काम माझ्या आत्याकडे. जयभीम म्हणेपर्यंत चहा पुढे आला. सकाळी बघतो तर बाटल्यांतलं पाणी नितळ!

"असलं शेवाळाचं पाणी पिऊन राहिली व्हय, सूनबाई?" आत्या म्हणाली. "तुरटी फिरवली, तरी मन झालं न्हाई. मंग समदं फेकलं अन् आमचं पेयाचं पाणी भरून दिलं."

मला हसू फुटलं. सुजाताचे डोळे भरले. पण ते पाणी आत्याने लांबच्या विहिरीवरून डोक्यावर आणलेलं. सुजाता म्हणाली, "लई चांगलं केलंत, आत्या."

तलावाकडे आम्ही जवळजवळ पळतच गेलो. वर हिरव्याचा मागमूस नव्हता. मी काठावरच बसून घेतलं. तिने मात्र आत्याचं पाणी पिऊन एक बाटली रिकामी केली, तिला दोरी आणि दगड बांधून ती तळात सोडली. वर आला तो हिरवट मऊ गाळ.

"वरचं गेलं," ती म्हणाली. "आता अर्ध्यावरच भागवायचं."

नांदेडला पोचताच ती प्रयोगशाळेत घुसली. मी बाहेर उभा, तिचे मार्गदर्शक सर काय म्हणतील या धास्तीत. बऱ्याच वेळाने तिने आत बोलावलं आणि सूक्ष्मदर्शक माझ्याकडे सरकवला. गाळात हिरवे ठिपके चमकत होते.

"मेलेत असं वाटलं होतं मला," ती हळूच म्हणाली. "हे तर खाली जाऊन नव्या पाण्याची वाट बघतायत."

रेणापूर सोडल्यापासून ती पहिल्यांदा हसली. मलाही फार बरं वाटलं.

"आत्याला कळवू?" मी विचारलं.

"नका हो," ती म्हणाली. "तुरटी घेऊन येतील."