एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

आमच्या ह्यांना आकड्यांचं वेड. लग्नाचा वाढदिवस विसरतील, पण शेजाऱ्याच्या स्कूटरचा नंबर तोंडपाठ. गॅसचे सिलिंडर पाण्याच्या दाबानं तपासणं हे त्यांचं काम. दाबानं फुगलेला सिलिंडर दाब काढल्यावर पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही, तर तो बाद. त्यात गॅस भरला तर फुटायचा. बाद नंबर हे फळ्यावर लिहितात, मग माणसं रांगेतून तेवढे सिलिंडर बाजूला काढतात. बाकीचे भरायला जातात.

परवा सुट्टी होती. जेवताना स्वारी नुसती खुलली होती.

"अगं, काल १४२८५७ भेटला! माझा लाडका! पण बिचारा बाद निघाला."

"सवतच की माझी. बरं झालं, गेली."

ह्यांनी ओल्या बोटानं टेबलावर ते सहा आकडे गोल लिहिले. "दुप्पट कर, २८५७१४. तिप्पट कर, ४२८५७१. आकडे तेच, क्रम तोच, नुसती सुरुवात वेगळी. आणि सातपट केलीस की सगळे नऊ! सिलिंडरच्या मानेभोवती अस्साच गोल कोरलेला होता."

"मग गोलात सुरुवात कुठून, ते कसं कळतं हो?"

"पहिल्या आकड्याआधी ठिपका अस..."

घास हातातच राहिला. चेहरा पांढराफटक.

"ठिपका मी पाहिलाच नाही गं. एक, चार, दोन दिसले आणि हुरळलो. तो २८५७१४ असेल तर? तो नंबर फळ्यावर नाहीच! आज भरायला गेला असेल."

भरायच्या शेडमध्ये माझे धाकटे दीर कामाला. तिथं मोबाइल चालत नाही आणि फाटकावरचा फोन कुणी उचलेना. स्कूटरवर मी ह्यांना घट्ट धरून बसले होते.

शेडमध्ये भावजी एका सिलिंडरला टेकून मजेत उभे होते. ह्यांनी धावत जाऊन मुख्य कॉक बंद केला. "बाहेर व्हा सगळे!" मग एकेका मानेवरून बोट फिरवत गेले आणि भावजींच्याच सिलिंडरपाशी थांबले. ठिपका दोनच्या आधी होता.

"दादा, तूही चल ना!"

"गच्च भरलाय. हळूहळू रिकामा करावाच लागेल. हिला घेऊन जा."

बाहेर मी भिंतीशी उभी. आतून सूंऽऽ असा आवाज येत होता. कसला मेला तो आकडा, आग लागो त्याला! भावजींनी माझा हात धरून ठेवला होता. आवाज बारीक होत होत बंदच पडला. संपलं, की अजून काही व्हायचंय? भावजींचा हात झटकला आणि आत गेले.

हे जमिनीवर बसलेले. सिलिंडरला लावलेल्या दाबमापकाचा काटा शून्यावर होता.

"झालं," म्हणाले. पण मूठ काही सिलिंडरच्या चावीवरून सुटेना. मी खाली बसून एकेक बोट सोडवलं.