हात धरायला आलेली बाई

डूलाचं काम करणाऱ्या बाईकडे किस्से साठतात ते माळ्यावर डबे साठतात तसे. एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात! मी आधी एका कंपनीत एचआरमध्ये होते. माझ्या स्वतःच्या बाळंतपणात लेबर रूममध्ये माझ्याशी कोणी धड एक शब्द बोललं नाही. ते काही डोक्यातून जाईना. शेवटी नोकरी सोडून कोर्स केला आणि इथे नवीन पनवेलमध्ये काम सुरू केलं. आता मैत्रिणी जमल्या की "नवीन काय?" म्हणतात, आणि सगळ्यांचा चहा गार होतो.

*

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई पोळ्या लाटत होत्या.

"डूला म्हणजे डॉक्टर?"

"नाही."

"नर्स?"

"नाही."

"अगं बाई, मग सुईण?"

"नाही हो आई. बाळंतपण डॉक्टरच करतात. मी त्या बाईजवळ थांबणार. कंबर चोळणार, धीर देणार, हात धरणार."

लाटणं थांबलं. "हात धरायला कोर्स लागतो?"

"हो. सर्टिफिकेटसुद्धा मिळतं."

त्यांनी पोळी तव्यावर टाकली. मग म्हणाल्या, "पुढच्या बॅचला तुझ्या सासऱ्यांना पाठव!"

*

कामोठ्याची अनघा बँकेत अधिकारी. इतकी मवाळ, की रिक्षावाल्यालाही "अहो, प्लीज" म्हणायची. नवऱ्याला तर लग्नाआधीपासून "अहो"च.

कळा वाढल्या तसा नवरा आत आला आणि म्हणाला, "अनघा, रिलॅक्स."

"अरे गाढवा, तू कर रिलॅक्स! तू झोप इथे!"

मी तर हादरलेच. आता याला काय वाटलं असेल?

मुलगा झाल्यावर तो मला बाहेर गाठून हळूच म्हणाला, "मॅडम, पहिल्यांदा अरे म्हणाली हो! घरी पण असंच म्हणेल ना?"

*

विचुंब्याच्या एका आजींना मी पहिल्या भेटीपासून घाबरून होते. सून दर्शना काही विचारू लागली की आजी नुसत्या बघायच्या. दर्शनाचा प्रश्न अर्धाच राहायचा.

दवाखान्यात दर्शना ओरडायला लागली. तिथल्या आयाबाई म्हणाल्या, "एवढं काय ओरडतेस? सगळ्याच बाया बाळंत होतात."

दारापाशी बसलेल्या आजी ताडकन उठल्या. आता या सुनेला झापणार, म्हणून मी मध्ये जायला निघाले. तर त्या आयाबाईंच्याच अंगावर गेल्या!

"ए बाय! माजे टायमाला सासूनी तोंडात पदर कोंबलेला. वरडलीस तर गाव ऐकंल म्हनं. आमी गप रायलो, ही नाय रानार. वरड गं दर्शना! पार जासई गावाला ऐकू गेला पायजे!"

*

पनवेलच्या शबानाचा नवरा कतारला कामाला. त्याला सुट्टी मिळाली नाही. डॉक्टरांनी व्हिडिओ कॉलला परवानगी दिली आणि फोन धरायचं काम माझ्याकडे आलं. स्क्रीनवर फक्त शबानाचा चेहरा दिसेल अशी काळजी घेत मी उभी होते.

सहज माझं लक्ष स्क्रीनकडे गेलं तर काय! नवऱ्याच्या मागे खोलीभर पुरुष! तिथे एका खोलीत पाच-सहा जण राहतात हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी झटकन फोन उलटा केला.

फोनमधून आवाज आला, "मॅडम, घबराओ मत! सबका मुंह दीवार की तरफ है!"

मी फोन हळूच सरळ केला. खरंच सगळे भिंतीकडे तोंड करून उभे होते. दुआसाठी हात उचललेले. बाळ रडल्याचा आवाज ऐकून त्यातला एक मोठ्याने रडायला लागला, पण वळला कोणीच नाही.

*

एकदा एका बाईंचा फोन आला. अपॉइंटमेंट हवी म्हणाल्या. मी नेहमीसारखं विचारलं, "तारीख कधीची दिलीये?"

"समोर आल्यावर सांगते."

दार उघडलं तर पांढऱ्या केसांच्या, सत्तरीकडे झुकलेल्या बाई. मला वाटलं, सुनेसाठी आल्या असतील.

"बाळंतपण कोणाचं?" मी विचारलं.

"माझंच. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी झालं."

मी त्यांना आत बसवलं. त्या खाली बघत सांगत होत्या, "पोटातच गेलं हो. मी शुद्धीवर आले तेव्हा सगळं आवरलेलं. मुलगा की मुलगी तेसुद्धा कोणी सांगितलं नाही. विचारू नकोस, विसरून जा, म्हणाले. पुन्हा मूल झालं नाही. तुम्ही हात धरता असं ऐकलं, म्हणून आले."

मी हात पुढे केला. त्यांनी तो असा आवळला की माझी बोटं पांढरी पडली. डोळे मिटून किती वेळ बसल्या होत्या कोण जाणे. मी फक्त म्हणत होते, "श्वास घ्या. मी आहे."

मग त्यांची पकड सुटली.

मी हळूच विचारलं, "काय झालं असेल, तुम्हाला काय वाटतं?"

"मुलगी," त्या लगेच म्हणाल्या.

त्यांचे यजमान खाली रिक्षात थांबले होते. उशीर झाला म्हणून वर आले, दारातच उभे राहिले. "झालं का गं?"

"झालं," बाई म्हणाल्या. "मुलगी आहे."

ते आत येऊन त्यांच्या शेजारी बसले.

"माहितीये," ते म्हणाले. "मी हातात घेतलं होतं तिला."