बंदुकीला हात न लावणारे साडूभाऊ

आमच्या साडूभाऊंइतका बंदुकांवर जीव टाकणारा आणि जन्मात एकाही बंदुकीला हात न लावलेला माणूस अख्ख्या अमिरातीत दुसरा सापडणार नाही, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. रुवैसच्या रिफायनरीत सत्तावीस वर्षं सेफ्टीत काढली आणि निवृत्त झाल्यावर मुलाच्या व्हिसावर दुबईत करामाला आमच्या मागच्याच गल्लीत राहायला आले. कुठली बंदूक एकनळी, कुठली दुनळी, कुठलीचा धक्का खांद्याला कसा बसतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ. हे वेड लहानपणचं. त्यांचे वडील साताऱ्याला पोलिसांच्या शस्त्रागारावर पहाऱ्याला होते. खंडेनवमीला तिथल्या सगळ्या रायफली ओळीने मांडून पूजा व्हायची, आणि त्या दिवशी हळदकुंकवाचं तबक धरायचा मान आमच्या साडूभाऊंचा. "तबक धर, पण हात लावायचा नाही, सरकारी आहे," एवढंच वडील म्हणायचे. पोराने ते असं मनावर घेतलं की पुढे साठी उलटली तरी हात लावला नाही. पण लावायची इच्छा मात्र तसूभरही कमी झाली नव्हती, आणि हे ते स्वतःच दर चार दिवसांनी सांगायचे.

बंदूक मिळाली नाही म्हणून माणसाने तिचे नियम वाया का घालवावेत? साडूभाऊंनी ते घरातल्या वस्तूंना लावले. आमच्याकडे जेवायला आले की आधी स्वयंपाकघराची पाहणी. विळीचं पातं उघडं दिसलं तर ते मिटेपर्यंत पाटावर बसत नसत. सुरी दुसऱ्याच्या हातात द्यायची ती मुठीकडून, आणि घेणाऱ्याने "मिळाली" असं मोठ्याने म्हटल्याशिवाय सोडायची नाही. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला केक कापायच्या वेळी त्यांनी सगळ्या पोरांना सुरीच्या मागे उभं केलं. पुढे एकटा केक. "काका, इट्स प्लास्टिक!" मुलगी कळवळून म्हणाली. "प्रत्येक हत्यार भरलेलं आहे असंच समजायचं," साडूभाऊ म्हणाले आणि मेणबत्त्या विझल्याची खात्री करून मगच टाळ्या वाजवल्या. माझी बायको वैतागून म्हणते की ताईने लग्नात गळ्यात माळ घातली तेव्हाही यांनी तिच्याकडून पावती मागितली असेल.

अशा माणसाला देवाने नोकरीही शोधून दिली. अबुधाबीला दर वर्षी शिकारीचं आणि शस्त्रांचं एक मोठं प्रदर्शन भरतं. त्याच्या दारात एक काउंटर असतो, आणि तिथे साडूभाऊ सहा वर्षं आठवडाभर हंगामी कामाला जात होते. वर्षाचे उरलेले दिवस ते फक्त त्या आठवड्याची वाट पाहायचे. स्वतःचं हत्यार आत न्यायचं नाही, हा तिथला पहिला नियम. कुणी परवान्याची बंदूक दुरुस्तीला किंवा दाखवायला आणली, तर पोलीस ती उघडून रिकामी असल्याची खात्री करतो, मालक स्वतःच्या हाताने ती कपाटात ठेवतो, आणि काउंटरवरचा माणूस चिठ्ठी लिहून बिल्ला देतो. काउंटरवाल्याने हत्याराला बोट लावायचं नाही. लावलं तर पास जप्त. हे शेवटचं कलम साडूभाऊंनीच अर्ज करकरून घालायला लावलं होतं! "अहो, आत शेकडो बंदुका मांडल्यात," ते डोळे मोठे करून मला सांगायचे. "त्यात एक जरी बाहेरची मिसळली, तर भरलेली कुठली आणि रिकामी कुठली, ब्रह्मदेवाला तरी कळेल का?"

गेल्या वर्षी प्रदर्शन नेमकं नवरात्रात आलं, आणि खंडेनवमीच्या दिवशी मी मुलीला घेऊन गेलो. काय तो थाट! दारातच उदाचा वास, हातावर ससाणे घेतलेली माणसं, रेशमी केसांचे शिकारी कुत्रे, आणि माझी एरवी फोनमधून मान वर न काढणारी लेक "बाबा, लुक! लुक!" करत माझी बाही ओढत होती. काउंटरवर साडूभाऊ गळ्यात पास घालून नवरदेवासारखे बसले होते. सकाळीच त्यांनी आपल्या हत्यारांची, म्हणजे पेन, स्टेपलर आणि रजिस्टर यांची पूजा उरकली होती. स्टेपलरवर कुंकू दिसत होतं. मी हसून पुढे सरकलो, तर तपासणीचं यंत्र वाजलं. किल्ल्यांच्या जुडग्याला नेलकटर होता आणि त्यात इवलंसं पातं.

"नाव?" साडूभाऊंनी पेन उचललं.

"अहो, मी तुमचा साडू!"

"नातं लिहायला कॉलम नाही. नाव?"

मागे रांग खोळंबली. त्यांचा मल्याळी सुपरवायझर म्हणाला, "अरे सर, जाने दो ना, फॅमिली है." त्यावर साडूभाऊंनी त्याला फॅमिलीतच अपघात जास्त का होतात ते समजावून सांगितलं. मी मुकाट्याने नेलकटर कपाटात ठेवला.

माझा बिल्ला लिहून होतोय तोवर शेजारी एक म्हातारे अरब गृहस्थ आले. पांढरी दाढी, हातात काठी, आणि काखेत कापडात गुंडाळलेली लांबलचक जुनी रायफल. दस्ता झिजून गुळगुळीत झालेला. पोलिसाने ती उघडून पाहिली, मान डोलावली आणि पुढच्या माणसाकडे वळला. आजोबा कपाटाकडे निघाले आणि दोन पावलांत काठी घसरली. तोल सावरायला त्यांनी एका हाताने काउंटर धरला आणि दुसऱ्या हातातली रायफल साडूभाऊंपुढे केली. "पकडो, पकडो!"

साडूभाऊंनी पकडली, दोन्ही हातांनी. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. माणूस इतका आनंदलेला मी लग्नातसुद्धा पाहिलेला नाही! त्यांनी ती कपाटात ठेवली, चोहीकडे बघितलं, खिशातून कुंकवाची डबी काढली आणि करंगळीने दस्त्यावर एक बारीक टिकली लावून हात जोडले. पोलिसाने पाहिलं नाही, सुपरवायझरने पाहिलं नाही. मी पाहिलं. आजोबांना बिल्ला मिळाला, मला बिल्ला मिळाला, आणि आत गेल्यावर ससाणे बघताना माझं अर्धं लक्ष दाराकडेच होतं.

संध्याकाळी नेलकटर घ्यायला परतलो, तर साडूभाऊ एक फॉर्म भरून सुपरवायझरपुढे उभे. तक्रार कुणाविरुद्ध? स्वतःविरुद्ध! सुपरवायझर कपाळाला हात लावून बसला होता. तेवढ्यात आजोबा रायफल न्यायला आले. त्यांनी कापड उलगडायच्या आतच साडूभाऊ पुढे झाले.

"बाबा, माफ करना. पकडना तो मजबूरी थी, मगर बाद में मैंने इस पर कुंकू लगाया. हमारे यहाँ आज के दिन लगाते हैं. आपसे पूछा नहीं. गलती है."

आजोबांनी दस्ता उजेडात धरला. त्यांनी टिकली पाहिली, पुसली नाही, आणि संथ हिंदीत विचारलं, "तुम्हारा बाप शिकारी था?"

"नहीं. पोलीस. बंदूक लेके पहरा देता था."

"कभी चलाया?"

"नहीं बाबा. खाली खड़ा रहता था. पूरी जिंदगी."

आजोबांनी रायफल पुन्हा कापडात गुंडाळली. मग त्यांनी साडूभाऊंच्या पाठीवर हात ठेवला. "ये मेरे बाप का है. माफी की जरूरत नहीं. खलास, बात खतम." आणि काठी टेकत निघून गेले.

सुपरवायझरच्या जिवात जीव आला. "सुना ना सर? खलास! फॉर्म फाड़ दो."

"फाड़ दो?" साडूभाऊ हबकले. "नंबर पड़ गया है उसपे! आप मेरा पास लो." त्यांनी गळ्यातला पास काढला, नीट गुंडाळला, टेबलावर ठेवला आणि जप्तीची पावती लिहून मागितली. बिचारा सुपरवायझर लिहिताना डोळे पुसत होता. त्याला ठाऊक होतं की एकदा पास जप्त झालेल्या माणसाला पुढच्या वर्षी बोलावत नाहीत.

परतीच्या वाटेवर मी फार चिडलो. एका टिकलीपायी सहा वर्षांचं काम घालवलं, म्हातारा स्वतः माफ करतोय, तरी यांचं आपलं नियम, नियम! पण साडूभाऊ ऐकतच नव्हते. ते मागच्या सीटवर माझ्या मुलीला हातवारे करून सांगत होते, "उचलली ना गं मी! दोन्ही हातांनी! दस्ता असा थंडगार, आणि तेलाचा वास अगदी तोच!" मुलगी म्हणाली, "काका, यू वेअर सो कूल," आणि ते शाळेतल्या पोरासारखे लाजले. आता रागवायचं तरी कुणावर? मलाही हसू आलं.

दुबईच्या वेशीजवळचं घंतूत गाव मागे पडल्यावर ते खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, पासची आठवण झाली.

"जड होती हो," ते म्हणाले.

"काय?"

"रायफल. बाबा ड्युटीवरून आले की म्हणायचे, जरा उजवा खांदा दाबून दे. मी दोन मिनिटं दाबायचो आणि खेळायला पळायचो. मला वाटायचं, नुसतं उभं राहायचं काम, त्यात दुखायला काय झालं?"

मुलीने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. करामा येईपर्यंत तिने ते उचललं नाही.