अक्काचा आवाज पुसणार नाही

मित्रहो, आज दुपारी इंदिरानगरच्या आमच्या घरात माझ्या थोरल्या बहिणीला तिच्याच गाण्यातून काढून टाकायचं घाटत होतं.

अक्कानं आईकडून शिकलेलं मंगळागौरीचं गाणं लॅपटॉपवर रेकॉर्ड केलं होतं. माझा तबला वेगळ्या ट्रॅकवर होता. मिक्सिंग करणारा मित्र म्हणाला, "अक्का मेट्रोनोमच्या ठोक्याच्या मागेपुढे होतात. दुसऱ्या कुणाकडून गाऊन घेऊ."

अक्का म्हणाली, "सरी अण्णा, ठीक आहे, त्या टकटक करणाऱ्यालाच गायला सांगा."

मी मेट्रोनोम बंद केला. तबल्याचं रेकॉर्डिंग पुसलं आणि तबला अक्काचा आवाज ऐकत नव्यानं वाजवला. आता ती श्वास घेते तिथे तबला थांबतो.

यंत्राच्या मापात बसत नाही म्हणून माणूस चुकीचा ठरत नाही. तुम्ही घरातल्या कुणाचा आवाज असा पुसलाय?