जागेवरून हललेला दगड

सुई टोचायच्या आधी ते छताकडे बघत आणि म्हणत, "साठ हजार वर्षं, मॅडम. विष्ठेतला किडा." मी रक्त काढून कापूस दाबेपर्यंत त्यांचा किडा चालू असे.

टिळकवाडीतल्या माझ्या लॅबमध्ये ते दर महिन्याला साखर तपासायला येत. राजानं दान दिलेली जमीन जो हिरावून घेईल तो साठ हजार वर्षं विष्ठेत किडा होऊन पडेल, असा शाप जुन्या दानलेखांच्या शेवटी कोरलेला असतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला मजा वाटली. चाळिसाव्या वेळी मी जरा जाड सुई घेतली असती, तरी तुम्ही मला माफ केलं असतं.

ते निवृत्त शिरस्तेदार. तालुका कचेरीत यांच्या टेबलावरून दहा खेपांशिवाय कागद हलत नसे. असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. नोकरीत नियमाआड लपायचं आणि घरी बसल्यावर न्यायनीतीवर बोलायचं. यांनी त्यासाठी शिलालेख धरले. ब्राह्मी शिकले, जुनी कानडी शिकले. मी जेवत असलो तरी प्रजेचं काम माझ्या कानावर घाला, असं अशोकानं कोरून ठेवलंय, हे ते मला कौतुकानं सांगत. त्यांच्या कचेरीत जेवणाची सुट्टी चार वाजेपर्यंत चाले, हे मी कधी बोलले नाही. "राजा दगडावर का लिहितो? अधिकाऱ्याला खाडाखोड करता येऊ नये म्हणून," असंही ते म्हणत. हे मात्र त्यांना अनुभवानं माहीत असावं.

चूक माझी. उचगावच्या पुढे माझं माहेर. तिथल्या तळ्याच्या बांधावर अक्षरांचा दगड आहे, हे मीच बोलून गेले. ते आले, दगड घासला, वर पीठ चोळलं आणि घडाघडा वाचू लागले. रट्ट राजांच्या काळातलं दान. तळं आणि भोवतालची जमीन वाटसरूंना आणि जनावरांना, कायमची.

अक्षरं कानडी निघाली तसे आमचे पुरुष दगडापासून मागे सरकले. सीमाभागात दगड नुसता दगड नसतो. कुणीतरी त्यावर बोट ठेवून गाव कुणाचं ते सांगायला येतो. माझे चुलते म्हणाले, "कानडी हाय व्हय? मग न्या की सायेब. आमाला काय करायचाय." नेला. टेम्पो मी ठरवून दिला. दोर आवळेपर्यंत त्यांनी तो शाप आम्हाला खणखणीत वाचून दाखवला. हसायला हवं होतं. मला धरून एकालाही सुचलं नाही.

बंगल्याच्या बागेत त्यांनी दगडाला चौथरा बांधला. पाटीवर राजाचं नाव बारीक, यांचं ठळक.

दोन वर्षांनी तळ्याच्या बांधावर सिमेंटचे खांब उभे राहिले. प्लॉट पाडणारा म्हणाला, कसलं तळं, ही खोलगट जमीन आहे. उन्हाळ्यात गावच्या म्हशींना दुसरं पाणी नाही. आता पुरुषांना दगड आठवला. मी शिरस्तेदारांकडे मागितला, तर म्हणाले, रीतसर अर्ज द्या, विचार करू.

मग माझी चुलत बहीण, जिला सगळा गाव आक्का म्हणतो, बसनं आली, चौथऱ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, वाचून दाखवा. त्यांना वाचायला सांगितलं की संपलं. राजाची वंशावळ वाचली, तळ्याच्या चारी हद्दी वाचल्या. शेवटच्या दोन ओळींशी थांबले.

"पुढं?" आक्कानं विचारलं.

"पुढं नेहमीचंच आहे."

"वाचा की. लांबनं आलोय मी."

त्यांनी वाचलं. या खेपेला किडा मला जेमतेम ऐकू आला. दुसऱ्या दिवशी दगड गावी गेला.

पण मोजणीला आलेल्या सर्व्हेअरनं तो बघून मान हलवली. जागेवरून हललेला दगड हद्दीचा पुरावा होत नाही, कुणीही कुठूनही आणून ठेवेल. हा नियम शिरस्तेदारांना माहीत नव्हता असं नाही. याच नियमावर त्यांनी कितीतरी लोकांना कचेरीतून परत पाठवलं असेल. आता एकच वाट होती. ज्यानं नेला त्यानं कुठून नेला ते लिहून द्यायचं. आणि विनापरवाना शिलालेख हलवणं गुन्हा. म्हणजे देणारा आपल्याच सहीनं अडकणार. आणि या गृहस्थांनी सबंध नोकरीत 'वरिष्ठांच्या विचारार्थ' याच्या पलीकडे कशाखाली सही केली नव्हती.

मोजणी बघायला आलेले शिरस्तेदार बांधावर उन्हात उभे होते. घाम पुसत होते. मला वाटलं, आता साखरेचं निमित्त काढून घरी जातील.

आक्का म्हणाली, "सायेब, तुमच्यावर जबरदस्ती न्हाय. खांब ऱ्हायले तर म्हशी कुठं न्यायच्या, तेवढं सांगून जावा."

त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं.

खांब निघाले. त्यांना मात्र पुरातत्त्व खात्याची नोटीस आली, पाठोपाठ दुसरी. माझ्याकडे रक्त द्यायला ते पुन्हा आले नाहीत. मुलगा त्यांना बंगळुरूला घेऊन गेला, बंगल्याला कुलूप आहे.

त्या जबाबाची झेरॉक्स माझ्या लॅबच्या खणात आहे. वंशावळ नाही, कुणाची स्तुती नाही, त्यांची तीनच वाक्यं: हा दगड मी याच जागेवरून उचलून नेला. नेताना कुणाची परवानगी घेतली नाही. तो या गावचा पुरावा आहे, हे मला नेतानाच कळत होतं.

शेवटचं वाक्य सर्व्हेअरनं मागितलेलं नव्हतं.