शेजारी नवरा बसलाय

जॉमसुकचं गाडी चालवायचं लायसन्स सव्वीस वर्षं कपाटात होतं, लग्नकार्याच्या कपड्यांच्या घडीखाली. परीक्षा पास झाली तेव्हा तिने साऱ्या गल्लीला तांदळाचे केक वाटले आणि त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. नवरा पानगिल एकतीस वर्षं एक्सप्रेस बसचा ड्रायव्हर. घरात एक ड्रायव्हर असताना दुसऱ्याची हौस कोण पुरवतो? आमच्या हादोंग गावाच्या बाजूला अशा कपाटवाल्या चालक घरोघरी सापडतील. एकीच्याही नावावर अपघात नाही, म्हणजे कागदोपत्री सगळ्या पट्टीच्या!

मग पानगिलच्या डोळ्यांनी दगा दिला. डावा गेला, उजवा अर्धामुर्धा उरला. जिनजू शहरातल्या डॉक्टरांनी बजावलं, दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं, चुकवायचं नाही, चुकवलंत तर हाही जाईल. पानगिलने आपलं लायसन्स परत केलं. जॉमसुकने एकसष्टाव्या वर्षी कपाट उघडलं.

पहिल्या फेरीला जिनजू येईपर्यंत तिच्या अंगावरचा सदरा घामाने भिजला होता.

"ब्रेक! अगं ब्रेक दाब!"

"तुम्हाला दिसतंय का काही?"

"ऐकू येतं मला! इंजिन रडतंय तुझं, गिअर बदल!"

तो पायाने नसलेले ब्रेक दाबत होता आणि ती जीव मुठीत धरून चालवत होती. आमच्याकडे नवशिके मागच्या काचेवर चिठ्ठी लावतात, जमलं तर जरा गमतीची, म्हणजे मागचा गाडीवाला भोंगा वाजवायच्या आधी हसतो. दुसऱ्या फेरीला जॉमसुकने जाड अक्षरात लिहिलं, 'नवशिकी आहे. शेजारी नवरा बसलाय. दया करा.' रस्ताभर लोक हसून वाट देत होते आणि तिची भीती निम्म्याने कमी झाली होती. पण हॉस्पिटलच्या फाटकावरच्या रखवालदाराने ती चिठ्ठी मोठ्याने वाचली. चार माणसं खदखदून हसली. पानगिल तिथेच उभा होता.

"एकतीस वर्षं पंचेचाळीस माणसं माझ्या भरवशावर घोरत गेली," तो म्हणाला, "आणि आता मी शेजारी बसलो तर लोकांनी दया करायची?"

इंजेक्शन घेऊन तो एकटाच बसने घरी आला. दोन बस बदलून, अंधूक डोळ्यांनी चाचपडत. पुढच्या महिन्याला गेला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. जॉमसुकने चिठ्ठी फाडून टाकली, माफी मागितली, मुलीला फोनवर घेतलं. त्याच्या तोंडाला कुलूप. तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही, आणि त्याचा राग खोटा होता असंही नाही. पण डोळा काही रुसवा संपायची वाट बघत थांबत नाही.

सवय मोडू नये म्हणून ती एकटीच बाजाराला गाडी नेत राहिली. एका बुधवारी काच पुसायचं बटण शोधताना रेडिओ लागला. गाड्यांचा कार्यक्रम होता. लोक फोन करून आपल्या इंजिनाचा आवाज ऐकवत आणि मा उस्ताद नावाचा म्हातारा मेकॅनिक रोग ओळखत असे. सोबतची निवेदिका सोनहेबाई त्याची रेवडी उडवत होती.

"उस्ताद, ही घरघर गाडीची की फोन करणाऱ्या काकांची?"

"काकांना आधी खाली उतरवा, मग सांगतो!"

जॉमसुक इतकी हसली की पूल कधी ओलांडला तिला कळलंच नाही. एरवी त्या पुलावर ती गाडी रांगत न्यायची.

पण कार्यक्रम सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी दहा ते अकरा एवढाच. बाकी वेळ भीती परत हजर. म्हणून ती महामार्गावरच्या थांब्यावर गेली. तिथल्या टपरीवर ठेक्याची जुनी गाणी पेनड्राइव्हवर भरून विकतात.

"झोप घालवायची हवीत की भीती घालवायची?" टपरीवालीने विचारलं.

"भीती."

"मग ही न्या. घाईची नेलीत तर पाय दाबला जातो, रडकी नेलीत तर गाडी रेंगाळते. ही बेताच्या चालीची आहेत."

खरोखरच चालीची होती. गावच्या बंदराची, सोडून गेलेल्या माणसाची, उशिरा आलेल्या पत्राची, आणि तरी मान डोलवायला लावणारी. जॉमसुक मोठ्याने गात ट्रकच्या मागून चालवू लागली.

शुक्रवारी घरी पोचली तरी कार्यक्रम संपला नव्हता. ती अंगणात गाडीतच ऐकत बसली. मा उस्ताद म्हणत होता, पट्टा सैल आहे.

"पट्टा कसला?" ओसरीवरून आवाज आला. "बेअरिंग गेलंय! कुठला मिस्त्री हा?"

पाच मिनिटांनी उस्तादाने कबूल केलं, बेअरिंगच होतं. पानगिल "हं!" म्हणाला. दोन महिन्यांत त्याचा एवढा मोठा आवाज घरात निघाला नव्हता.

सोमवारी दहाला तो मुकाट्याने येऊन शेजारी बसला. "बाहेरून नीट ऐकू येत नाही," म्हणाला. जॉमसुकने रेडिओचा आवाज थोडा वाढवला. बुधवारी तिने हळूच गाडी सुरू केली आणि गावाला एक चक्कर मारली. तो उस्तादाशी भांडण्यात गुंग होता.

हॉस्पिटलचा नंबर तिने शुक्रवारी सव्वाअकराचा लावून ठेवला होता. दहाला गाडी निघाली. कुठे, हे तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही.

"ब्रेक नाही रे, सायलेन्सर! सायलेन्सर फुटलाय त्याचा!" पानगिल रेडिओवर खेकसत होता. जॉमसुकने ट्रक मागे टाकला, लेन बदलली, गिअर टाकला. तिच्या वाट्याचं ओरडणं सगळं मा उस्ताद खात होता. बिचारा!

गाडी हॉस्पिटलच्या फाटकाशी थांबली तेव्हा पानगिलने क्षणभर दाराला हात लावला नाही. जॉमसुकला वाटलं, संपलं. मग तो उतरला.

इंजेक्शन झालं. डॉक्टर रागावले, उजव्याची नजर थोडी गेलीय म्हणाले, उरलेली राखता येईल म्हणाले. बाहेर नर्सने वही उघडली.

"पुढची तारीख, चौदा, गुरुवार."

"नाही," पानगिल म्हणाला. "मी येणार नाही."

जॉमसुक गर्रकन त्याच्याकडे वळली.

"गुरुवारी येणार नाही," तो पुढे म्हणाला. "शुक्रवारची द्या. गुरुवारी रस्त्यात ऐकायला काही नसतं."

जॉमसुकला हसू आलं आणि रडूही. तिने नर्सकडे पाठ केली आणि पर्समध्ये गाडीची किल्ली शोधायला लागली. किल्ली तिच्या हातातच होती.